थोरली थांबल्यावर

१

माझं काम बघायला आलेले लोक पाच मिनिटांत जांभया देतात. मी घंटा ऐकते. खरं तर ऐकते कमी आणि बघते जास्त.

ओतशाळेत नवी घंटा ओतून थंड झाली की तिला चौकटीला टांगतात, लाकडी हातोडीनं एक ठोका देतात आणि मी माइक धरून उभी राहते. तो आवाज संगणकावर घेतला की सॉफ्टवेअर त्याचे धागे सुटे करतं. पडद्यावर डावीकडून उजवीकडे वेळ सरकत जातो आणि त्या आवाजात जितके स्वर दडलेले असतील तितक्या आडव्या, उजळ रेघा उमटतात. एका घंटेत कधीच एक स्वर नसतो. तळाशी खर्ज, त्यावर मूळ स्वर, मग कोमल गांधार, पंचम, वरचा षड्ज आणि त्याच्याही वर चिल्लीपिल्ली. तो कोमल गांधार असतो म्हणूनच घंटा लग्नात वाजली तरी जराशी उदास वाटते. कुठली रेघ वरखाली झाली आहे ते मी सांगायचं आणि ओतशाळेच्या मालकानं, वानेसनं, घंटेच्या आतून तेवढा धातू तासायचा. इतकी वर्षं आमचं हेच चाललं आहे.

एक गोष्ट मात्र इथं सांगून ठेवते. घंटेच्या रेघांमधलं अंतर कधीच सारखं नसतं. वेड्यावाकड्या दातांसारखं असतं. सारख्या अंतराच्या रेघा, एकाच आकड्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशा, उमटतात त्या तारेच्या, बासरीच्या, माणसाच्या गळ्याच्या. पडद्यावर त्या शिडीसारख्या दिसतात. घंटेत शिडी नसते. नवशिक्यालाही ते कळतं.

मेरवाइकच्या मनोऱ्यातली थोरली घंटा तडकली तेव्हा ते काम आमच्याकडे आलं. तिचं नाव खरं आमेल्बेर्गा, संतिणीचं; पण गावात तिला सगळे थोरलीच म्हणत. तडा सांधण्यासारखा नव्हता. ती वितळवून तिच्याच धातूची नवी ओतायची होती, आणि नव्या घंटेचा आवाज जुन्यासारखाच हवा, असं गावाचं म्हणणं होतं. म्हणून थोरलीची जेवढी जुनी ध्वनिमुद्रणं मिळतील तेवढी नगरपालिकेनं संगणकावर उतरवून माझ्याकडे पाठवली.

मेरवाइक माझं गाव. त्या मनोऱ्यात माझे पपा, ओडिलॉन, घंटा वाजवायचे.

२

पपांच्या हाताखाली मनोऱ्यातल्या सगळ्या लहानमोठ्या घंटा होत्या. त्यांची खोली घंटांच्या मजल्याखाली होती, एवढीशी, लाकडी, आगपेटीसारखी. समोर दांड्यांच्या दोन ओळी. त्यांवर मुठी मारायच्या की तारा ताणल्या जाऊन वर घंटा बोलायच्या. थोरलीला हात पुरायचा नाही, तिला पाय लागायचा. पपा सदऱ्याच्या बाह्या सारून बसले की बेकरीवाला कणीक मळतोय असंच वाटायचं.

शनिवारी बाजाराच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वर जायची. कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर कॉफी, डब्यात दालचिनीची बिस्किटं. खाली चौकात कोंबडीवाल्याची आरोळी, माशांच्या गाडीचा वास, आणि हे सगळं त्या उंचीवरून खेळण्यातल्यासारखं. वाजवणं संपलं की पपा गुणगुणायला लागायचे. टोपी घालताना, स्टोव्ह विझवताना, दाराला कडी लावताना, थेट जिना उतरून चौकात पाय ठेवेपर्यंत. कुठलं असं गाणं नव्हतं ते, नुसतं मिटल्या ओठांनी गुणगुणणं. माझा हात धरलेला असायचा आणि ते गुणगुणणं त्यांच्या हातातून माझ्या हातात उतरायचं. अजून कधी बिस्किटांचा डबा उघडला की माझा तळहात झिणझिणतो.

पुढं त्यांच्या गळ्याचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. त्यानंतर त्यांनी घंटाही सोडल्या. गावाला नवल वाटलं. "अहो, हात तर धडधाकट आहेत," लोक म्हणायचे. पपा खांदे उडवायचे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या आवाजाची एक फीतही आमच्या घरात नव्हती. दुसऱ्यांच्या घंटांचे आवाज जपून ठेवणाऱ्या माझ्यासारखीच्या घरात!

तर मी ती मुद्रणं एकेक उघडायला घेतली. सगळ्यांत जुनं साठच्या दशकातलं, रेडिओच्या लोकांनी मनोऱ्यात येऊन केलेलं. थोरलीचा एकच ठोका. रेघा उमटल्या. खर्ज, मूळ स्वर, कोमल गांधार, सगळ्या आपापल्या जागी. लहानपणीचे शनिवार पडद्यावर येऊन पडल्यासारखे वाटले.

आणि त्या रेघांच्या मागं, अगदी फिकट, एक शिडी होती.

३

पहिला संशय विजेवर घेतला. जुन्या यंत्रांत विजेची घरघर शिरते आणि तीही शिडीसारखीच दिसते. पण विजेचा आकडा ठरलेला असतो, तो हलत नाही. ही शिडी त्या आकड्यावर नव्हती आणि किंचित हलत होती. सगळ्या पायऱ्या एकदमच, सायीखालचं दूध हलावं तशा. फीत हलली म्हणावी, तर घंटेच्या रेघाही हलायला हव्या होत्या. त्या सरळ होत्या. वाऱ्याला शिडी नसते. कबुतर एवढा लांब सूर धरत नाही.

"वानेस, हे बघ जरा."

वानेस एप्रनला हात पुसत आला. तो पडद्याकडे बघतो तेव्हा नेहमी एक डोळा मिटतो, नेम धरल्यासारखा.

"कुणीतरी गातंय," तो म्हणाला.

"गात नाही. गुणगुणतंय."

"मग तुझा बापच असेल की. गावभर गुणगुणत फिरायचा तो. माझी आई म्हणायची, ओडिलॉन जवळ आला की आधी मधमाशी आल्यासारखं वाटतं."

मला हे सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं. मी घंटेच्या रेघा एकेक पुसल्या, नुसती शिडी ठेवली, आवाज वाढवला आणि हेडफोन लावले.

मिटल्या ओठांतून येणारा एक सूर. खोल, शांत, जराशा दूरच्या खोलीतून आल्यासारखा.

मी ओतशाळेत सगळ्यांदेखत रडले. वानेसनं माझ्या खांद्यावर थोपटलं, मग काही सुचेना म्हणून पुन्हा थोपटलं आणि म्हणाला, "बघ, फुकटात बाप परत मिळाला. आता घंटेचं काम वेळेत दे, म्हणजे झालं."

पुढचा आठवडा माझा फार छान गेला. ती फाइल मी फोनमध्ये घेतली होती. भाजी चिरताना लावायची, गाडीत लावायची. सायकलवरून शाळेत जाताना पपा मागून ढकलायचे ते आठवायचं, त्यांच्या कोटाचा ओला वास आठवायचा. बाकीच्या मुद्रणांतही तो असणार म्हणून मी ती हावरटासारखी उघडत गेले. सत्तरीतलं, ऐंशीतलं. प्रत्येकात होता.

मग नव्वदीच्या शेवटचं उघडलं. त्यातही होता. तेव्हा पपांचा आवाज जाऊन काही वर्षं लोटली होती.

४

मुद्रणावर तारीख चुकीची पडली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. चुका होतात. पण मग आणखी एक अलीकडचं निघालं. आता थोरली उतरवण्याआधी तिचा शेवटचा ठोका मला स्वतः घ्यायचाच होता. तड्यामुळं हलक्या हातानं, पण घ्यायचा होता. एका भर दुपारी मी मनोरा चढले.

बरोबर योरीन होती, हल्लीची घंटावादक. योरीन म्हणजे चालता बोलता बाजार. पहिल्या पायरीपासून तिनं तोंड उघडलं ते वरपर्यंत मिटलं नाही. सासूचं दुखणं, कुत्र्याचं दुखणं, नगरपालिकेची पार्किंगची पावती. मध्ये धाप लागली तर गाणं म्हणायची.

"योरीन, ठोका दिला की गप्प राहावं लागेल हं. आवाज पूर्ण विरेपर्यंत."

"मला गप्प राहायला सांगणारी तू पहिली नाहीस. माझा नवरा रोज सांगतो."

"वाजवताना तरी गप्प असतेस की नाही?"

"छे! वर एकटीला मला नाही बाई करमत. बोलते स्वतःशीच. खाली कोण ऐकतंय?"

घंटांच्या मजल्यावर फटींतून ऊन येत होतं. थोरली आपल्या तुळईखाली टांगलेली, तड्याजवळ खडूची खूण केलेली. मी माइक लावले, हातोडी घेतली, हलका ठोका दिला. तड्यामुळं आवाज फुटका आला, पण तिचाच. तो हळूहळू उतरत गेला. वरच्या रेघा आधी विझतात, खर्ज शेवटी. मी डोळे मिटून उभी होते. चौकातला आवाजही त्या क्षणी कुठंतरी गेला होता. लाकडाला, विटांना, सगळ्यालाच ऐकायचं आहे अशी ती शांतता होती.

मी मुद्रण थांबवलं. योरीन माझ्याकडं बघत होती. तिच्या गालांवरचा रंग उतरला होता.

"तू काही म्हणालीस?" तिनं विचारलं.

"नाही."

"मला वाटलं, तू बोलायला तोंड उघडलंस. म्हणजे ओठ सुटतात ना, तो आवाज." मग ती घाईघाईनं हसली. "चल चल, भूक लागली असेल मला. फ्राइज खाऊ या." आणि उतरताना ती आधीपेक्षा मोठ्यानं गात होती.

शिडी त्या मुद्रणातही होती. मी आता ती सगळी मुद्रणं जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीनं एकाखाली एक लावली. लावायला नको होती असं नंतर अनेकदा वाटलं.

सगळ्यांत जुन्या शिडीला खालच्या दोन-तीनच पायऱ्या ठळक होत्या. वरच्या जवळजवळ नव्हत्याच. त्यानंतरच्या मुद्रणात चौथी-पाचवी दिसू लागली. पुढं आणखी वरच्या. माझ्या मुद्रणात शिडी छतापर्यंत पोचत आली होती.

मी माइक समोर घेतला आणि मिटल्या ओठांनी एक सूर धरला. खालच्या पायऱ्या उमटल्या. मग सूर तोच ठेवून सावकाश तोंड उघडत गेले. पायऱ्या एकेक करून वर उजळत गेल्या, अगदी तशाच क्रमानं.

एवढ्या वर्षांत ते तोंड सावकाश उघडत होतं.

५

कारणं शोधायची माझी खोडच आहे. एखादं सैल तावदान थोरलीबरोबर थरथरत असेल, वर्षागणिक जास्त सैल होत असेल. तावदानाला शिडी असू शकते. मी हे स्वतःला इतक्यांदा सांगितलं की पाठ झालं. आणि मग रविवारी ती फाइल घेऊन आईकडे गेले. तिनं ओळखलं तर प्रश्नच मिटला.

आई स्वयंपाकघरात विटलोफच्या भाजीची कडवट पानं सोडवत बसली होती. गुडघ्यांमुळं ती आता चाकांच्या खुर्चीत असते, पण जिभेला काही झालेलं नाही.

"आलीस? तुझ्या त्या ओतशाळेत आरसा नसतो वाटतं. केस बघ."

"आई, तुला एक ऐकवायचंय. पपा आहेत."

ती एकदम थांबली. हातातलं पान तसंच. मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवले आणि सगळ्यांत जुनी फाइल लावली. मला वाटलं, ती रडेल. मी खिशातला रुमाल काढूनसुद्धा ठेवला होता.

ती ऐकत राहिली. बराच वेळ. मग तिचे डोळे बारीक झाले.

"हा श्वास कधी घेतो?" तिनं विचारलं.

"काय?"

"तुझे पपा दमेकरी होते. चार ओळी बोलले की थांबायचे. हा कुठं थांबतोय?"

मी फोनकडे बघितलं. एवढे दिवस ऐकत होते, भाजी चिरताना, गाडीत. कुठंच खंड नव्हता. घंटेच्या आधीपासून शेवटापर्यंत सलग.

आईनं हेडफोन काढून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवले.

"हे तुझे पपा नव्हेत, निल्ड."

निल्ड मला फक्त तीच म्हणते. माझं पूर्ण नाव रेनिल्ड.

"मग कोण आहे?"

"मला काय माहीत? लग्न झालं तेव्हा एकदा गेले होते वर, नवऱ्याचं कौतुक बघायला. त्यांनी वाजवलं, मी टाळ्या वाजवल्या, मग थोरली विरत गेली आणि..." तिनं पान मोडलं. "तुझे पपा जोरजोरात गुणगुणायला लागले. मी म्हटलं, अहो थांबा ना, शेवट ऐकू द्या की. तर माझा हात धरून खाली ओढत आणलं मला. तोवर कधी आवाज चढवला नव्हता त्यांनी. खाली आल्यावर म्हणाले, ते गप्प बसलेल्यांशीच बोलतं, गोडेलीव्ह. कुणी गुणगुणत असलं की थांबून राहतं."

"कोण ते?"

"विचारलं नाही. मी परत कधी वर गेले नाही. जिना चढवत नाही म्हणायची. विशीत होते मी, माकडासारखी झाडावर चढायची!" ती हसली नाही. "हात शाबूत होते त्यांचे. गळा गेला म्हणून घंटा सोडल्या त्यांनी. लोकांना वाटलं, खचले."

मी म्हटलं, "आई, म्हातारपणात असल्या गोष्टी मोठ्या होतात. एखादं तावदान असेल."

"असेल," ती म्हणाली आणि पुढचा विटलोफ उचलला. "मग एवढं कर. त्या फितीच्या शेवटी काय आहे ते बघ. ते कधीच थोरली वाजत असताना गुणगुणायचे नाहीत. ती थांबल्यावर गुणगुणायचे."

६

माझ्याकडे आलेली मुद्रणं कापलेली होती. घंटा विरली की पुढचं कशाला ठेवायचं? मूळ फीत नगरपालिकेच्या वाचनालयात होती. तिथल्या बाईंनी ती मला पूर्ण उतरवून दिली.

त्यात घंटेचा खर्ज विझतो. मागं शिडी उरते. आणि मग लगेच, अगदी माइकजवळ, दुसरा आवाज सुरू होतो. मिटल्या ओठांचा, जाडसर, थोडा बेसूर. त्याला मी कुठंही ओळखलं असतं. तळहातापासून खांद्यापर्यंत मला मुंग्या आल्या.

पपा गुणगुणत होते. रेडिओचा कुणीतरी माणूस हसून म्हणतो, "ओडिलॉन, फीत चालू आहे अजून!" तरी ते थांबत नाहीत. खुर्ची सरकते. स्टोव्हचं झाकण पडतं. बूट जिन्याकडे जातात. आणि मध्ये मध्ये ते श्वास घेतात, तसाच दमेकरी, छातीत शिट्टी वाजणारा.

मी किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. खरे पपा मला तिथं मिळाले. आधी मिळाले होते त्यापेक्षा कितीतरी खरे.

शेवटी मी ते पडद्यावर घेतलं. घ्यायलाच हवं होतं, माझा धंदाच तो. पपांच्या आवाजाची शिडी दाट, जवळची. ती असेपर्यंत दुसरी अगदी मंद होऊन मागं थांबलेली. पपा श्वास घ्यायला थांबले की त्या फटीत दुसरी उजळायची. पहिल्या फटीत थोडी, दुसऱ्या फटीत जास्त. कुणी खोलीच्या त्या टोकाला उभं आहे आणि तुमची पाठ वळली की एक पाऊल पुढं टाकतं आहे, तसं.

पपांचे श्वास त्या फितीत उत्तरोत्तर छोटे होत जातात. जिन्याच्या तोंडाशी तर ते जवळजवळ श्वास न घेताच गुणगुणत आहेत.

७

"जुना धातू वापरू नकोस," मी वानेसला म्हटलं.

"का?"

"तडकलेला आहे."

"वितळल्यावर तडा कुठं राहतो, बाई? गावानं लिहून दिलंय, थोरलीच्याच धातूची. उद्या मी दुसरा घातला आणि कळलं, तर ते मलाच घंटेत ओततील. तुला बरं वाटत नाहीये का?"

थोरली फोडली, वितळवली, ओतली. नवी घंटा थंड झाली, तिला टांगली, ठोका दिला. मी पडद्याकडे बघितलं. खर्ज, मूळ स्वर, कोमल गांधार, पंचम. सगळं स्वच्छ. मागं काही नाही. पुन्हा ठोका, पुन्हा काही नाही. मी वानेसच्या गळ्यात पडले. तो म्हणाला, "आज रडलीस तर पगार कापीन."

धातूत काही नव्हतं तर. मला इतकं हलकं वाटत होतं की ते दुसरीकडे कुठं असेल, हा प्रश्नच डोक्यात आला नाही.

तो आला तो नवी थोरली मनोऱ्यात पहिल्यांदा वाजवण्याच्या समारंभाच्या आदल्या दिवशी, नगरपालिकेच्या श्रीमती स्टासेन्स यांचा फोन आला तेव्हा.

"एक सुंदर कल्पना आहे," त्या म्हणाल्या. "थोरलीचा पहिला ठोका पडला की सगळा चौक निःशब्द. आवाज पूर्णपणे विरेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही. आम्ही गाड्या वळवतोय, कॅफेवाल्यांना सांगितलंय, कारंजंही बंद ठेवतोय."

"लगेच बँड वाजवला तर?" मी म्हटलं. "उत्साह राहतो."

"अहो, तुम्हीच तर लिहिलंय अहवालात की तिचा शेवट सगळ्यांत देखणा आहे! लोकांना तो ऐकू द्या की."

"तरी पण बाई, एवढी शांतता..."

"तुमचे वडील असते तर किती आनंदले असते," त्या म्हणाल्या आणि दुसरा फोन आला म्हणून त्यांनी ठेवला.

योरीनला वर एकटीनं बोलत राहा म्हणून सांगितलं. तिनं का ते विचारलं नाही. "ते तू सांगायला नको," एवढंच म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक होता. पण ठोका यंत्रानं पडणार होता आणि तिला खाली पाहुण्यांत बसवलं होतं. वर कुणीच असणार नव्हतं.

८

समारंभाला उन्हं छान होती. सगळं मेरवाइक लोटलं होतं. कितीतरी वर्षांनी दिसलेली माणसं, म्हातारी झालेली, मला 'ओडिलॉनची पोर' म्हणून गालाला गाल लावत होती. कोंबडीवाल्याच्या मुलाची गाडी त्याच जागी होती. वॉफलचा वास होता. आईला मी चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. तिनं मोत्यांचे कानातले घातले होते आणि प्रत्येकाच्या कपड्यांवर हळू आवाजात शेरे मारत होती. क्षणभर मला वाटलं, आपण उगाच घाबरतो. हे माझं गाव आहे. इथं वाईट काय होणार?

श्रीमती स्टासेन्सनी हात वर केला. चौक गप्प झाला.

थोरली बोलली.

तिला मीच सुरात आणलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. अगदी तीच. लोकांचे डोळे भरले. टोप्या उतरल्या. तो आवाज छपरांवरून गेला, परत आला, खाली बसत गेला. माझ्या हातातल्या पडद्यावर रेघा उजळल्या होत्या आणि वरपासून एकेक विझत होत्या. चिल्लीपिल्ली गेली. पंचम गेला. कोमल गांधार गेला. शेवटी नुसता खर्ज राहिला, आणि तोही.

माणसं हलली नाहीत. माना किंचित वर, सगळ्यांच्या एकाच बाजूला कललेल्या. घंटा थांबली होती आणि तरी सगळा चौक ऐकत होता.

पडद्यावर शिडी होती. तळापासून छतापर्यंत, सगळ्या पायऱ्या भरलेल्या, दिव्यासारख्या. तोंड पूर्ण उघडलेलं होतं.

मी बघत असतानाच ती तुटली.

एकदम. सगळ्या पायऱ्या काळ्या. तिथं नुसता धुरकट डाग उमटला, वरपासून खालपर्यंत. असा डाग मी हजारदा बघितला आहे. कुठल्याही गायकाच्या मुद्रणात दोन ओळींच्या मध्ये तो असतो. श्वास आत घेतल्याचा.

मनोऱ्याच्या फटींजवळची कबुतरं एकाच वेळी उडाली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं, 'काय?' म्हणून विचारावं तशा भुवया उंचावल्या. पलीकडे योरीननं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

तेवढ्यात खालून, खुर्चीतून, आईनं गुणगुणायला सुरुवात केली.

मोठ्यानं, बेसूर, ओठ घट्ट मिटून. लोकांनी वळून बघितलं. श्रीमती स्टासेन्सनी कपाळाला आठ्या घातल्या. कुणीतरी "श्श!" केलं. आईनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती मनोऱ्याकडे बघत होती आणि तिचा हात माझा हात शोधत होता. मी तो धरला. तळहातात ती थरथर आली, आणि मी ओठ मिटून तिच्या सुरात सूर मिसळला.

चौक अजून गप्पच होता. पडद्याकडे मी पुन्हा बघितलं नाही. वय झाल्यामुळं आईला श्वास पुरत नव्हता. तिच्या छातीचा भाता वरखाली होताना मला दिसत होता. मला माझाही श्वास मोजून घ्यावा लागत होता. दोघींना तो एकाच वेळी घ्यावा लागू नये, एवढंच मी बघत होते.